डीएनएसची मोठी उत्तरे दर काही महिन्यांनी हरवतात: यूडीपी पॅकेटची सुरक्षित मर्यादा कशी ठरवावी

एखादे डोमेन सकाळपासून उघडत नाही, रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसमध्ये नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, ‘सर्व्हफेल’ (उत्तर मिळवता आले नाही) देत राहतो, बाकी सगळी डोमेन मात्र व्यवस्थित चालू असतात. कोणी सेवा रीस्टार्ट करतो, कोणी साठवलेल्या उत्तरांची कॅशे रिकामी करतो, आणि आठवडाभरात तक्रार आपोआप थांबते. तिकिटावर ‘समोरच्या सर्व्हरची तात्पुरती अडचण’ असा शेरा मारून ते बंद केले जाते. तीन महिन्यांनी तेच डोमेन, तीच तक्रार आणि तोच शेरा.

मी सांभाळत असलेल्या एका रिझॉल्व्हरवर हा प्रकार चौथ्यांदा घडला, तेव्हा जुनी तिकिटे एकापुढे एक ठेवून पाहिली. कॅशे रिकामी केल्यावर तक्रारी कमी होण्याऐवजी वाढत होत्या. ज्या उत्तराच्या जोरावर ते डोमेन कसेबसे चालू होते तेच आपण पुसून टाकत होतो आणि नव्याने मागवलेले उत्तर पोहोचत नव्हते. दुसरी गोष्ट अशी की दोन तक्रारींमधले अंतर जवळपास सारखे होते. नेटवर्कमधला बिघाड सहसा असा कॅलेंडर पाहून येत नाही. डीएनएससेकमधल्या, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल स्वाक्षरी करण्याच्या पद्धतीतल्या, स्वाक्षरीच्या की मात्र ठरावीक मुदतीने बदलल्या जातात.

पहिली तपासणी अगदी सोपी आहे. त्याच रिझॉल्व्हरला ‘डिग’ (डीएनएसला प्रश्न विचारण्याची आज्ञा) वापरून एकदा साधा प्रश्न विचारावा आणि एकदा ‘+सीडी’ लावून, म्हणजे पडताळणी न करता, विचारावा. साध्या प्रश्नाला सर्व्हफेल आणि ‘+सीडी’ला व्यवस्थित पत्ता मिळत असेल, तर पत्त्याचे छोटे उत्तर येत आहे आणि पडताळणी अडली आहे. पडताळणी अडण्याची कारणे दोन. स्वाक्षरी खरोखरच चुकीची असेल, किंवा पडताळणीसाठी लागणारा डीएनएसकी संच, म्हणजे त्या डोमेनच्या सार्वजनिक कींचा संच, आपल्यापर्यंत पोहोचत नसेल. इथे अनेकांचा तपास चुकीच्या फांदीवर जातो: समोरच्याने स्वाक्षरीत घोळ घातला असे धरून त्या डोमेनपुरती पडताळणीच बंद केली जाते. तक्रार थांबते, आणि संरक्षण काढून टाकल्याचे पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आमच्याकडे डीएनएसकी संचच पोहोचत नव्हता, आणि तो का पोहोचत नव्हता हे आकारावरून कळते. डोमेनच्या नावाला पॅकेटमध्ये १३ बाइट लागतात आणि २०४८ बिटांच्या आरएसए की वापरल्या आहेत असे धरू. डीएनएसचे हेडर १२ बाइट, प्रश्नाचा भाग १७, ईडीएनएस या डीएनएसच्या विस्ताराची ओपीटी नोंद ११, मिळून ४०. प्रत्येक कीची नोंद २७६ बाइटांची आणि प्रत्येक स्वाक्षरीची २९९ बाइटांची. दोन की आणि दोन स्वाक्षऱ्या असतील तर उत्तर ११९० बाइटांचे होते. की बदलण्याच्या काळात जुनी की काढण्याआधी नवी की काही दिवस सोबत प्रसिद्ध करावी लागते. त्या दिवसांत संचात तीन की असतात आणि उत्तर १४६६ बाइटांवर जाते. बदल पूर्ण झाला, जुनी की निघाली, की पुन्हा ११९०. म्हणूनच तक्रार आपोआप यायची आणि आपोआप जायची. मधल्या काळात आमच्याकडे कोणी काहीच दुरुस्त केलेले नसायचे.

हाच हिशेब रूट झोनलाही लागू पडतो (झोन म्हणजे एकाच ताब्यातला डोमेनांचा भाग, रूट हा त्यातला सर्वांत वरचा). तिथे नावाला एकच बाइट लागतो. २०४८ बिटांच्या दोन की आणि एक स्वाक्षरी असलेले रूटचे डीएनएसकी उत्तर ८६४ बाइटांचे, तीन कींचे ११३९ बाइटांचे. सप्टेंबर २०१७ मध्ये रूटची मुख्य की बदलण्याच्या तयारीत संचात चार की आल्या तेव्हा ते १४१४ बाइटांवर पोहोचले. जानेवारी २०१९ मध्ये जुनी की रद्द केल्याची खूण लावून ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची स्वतःची स्वाक्षरी जोडली गेल्याने १४२५ झाले. म्हणजे कोणत्याही साइन केलेल्या झोनचा ‘आजचा’ आकार पाहून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. तो वाढतो तो नेमका की बदलाच्या दिवसांत.

आता १४६६ बाइटांचे उत्तर हरवते कुठे ते पाहू. आमचा रिझॉल्व्हर एका टनेलच्या (पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणाऱ्या जोडणीच्या) मागे होता आणि टनेलचे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, १४२० बाइट होते. समोरच्या अधिकृत सर्व्हरच्या, म्हणजे त्या डोमेनच्या मूळ नोंदी बाळगणाऱ्या सर्व्हरच्या, दृष्टीने काहीच वावगे नव्हते: १४६६ मध्ये यूडीपीचे ८ आणि आयपीव्ही४चे २० बाइट मिळवले की १४९४ होतात, ते इथरनेटच्या १५०० मध्ये बसतात, त्यामुळे त्याने एकच अखंड पॅकेट पाठवले. टनेलच्या पलीकडच्या टोकाला ते १४२० मध्ये बसेना, म्हणून तिथे त्याचे दोन तुकडे झाले. पहिल्या तुकड्यात १४०० बाइट गेले, दुसऱ्यात उरलेले ७४. आयपी हेडर धरून दुसरा तुकडा अवघा ९४ बाइटांचा.

टनेलच्या आमच्या टोकाला पॅकेट पकडून पाहिली तेव्हा दोन्ही तुकडे दिसत होते. रिझॉल्व्हरच्या इंटरफेसवर पाहिले तर पहिलाच तुकडा होता. मधल्या फायरवॉलने दुसरा टाकून दिला होता, आणि त्याच्या नियमांच्या चौकटीत ते बरोबरच होते: यूडीपीचे हेडर फक्त पहिल्या तुकड्यात असते, दुसऱ्यात पोर्ट क्रमांकच नसतो, त्यामुळे ‘पोर्ट ५३ वरून येणारे आत येऊ द्या’ या नियमात तो बसत नाही. रिझॉल्व्हरच्या कर्नेलने पहिला तुकडा उरलेल्या भागाची वाट पाहत ठेवला आणि मुदत संपल्यावर फेकून दिला. लिनक्सवर आयपीव्ही४साठी ही मुदत मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद असते. ७४ बाइटांच्या शेपटापायी १४६६ बाइटांचे संपूर्ण उत्तर वाया गेले, आणि रिझॉल्व्हरच्या लॉगमध्ये फक्त ‘टाइमआउट’ हा शब्द उरला.

तुकडे ओळखण्यासाठी पॅकेट पकडताना पोर्ट ५३ ची गाळणी लावू नये. ती लावली की दुसरा तुकडा आपल्यालाही दिसणार नाही, कारण फायरवॉलने केलेली चूकच आपली गाळणी करेल. मी स्वतः पहिल्या दिवशी दोन तास याच चुकीत घालवले. समोरच्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून गाळावे. आयपीव्ही४ मध्ये ‘आणखी तुकडे आहेत’ हा बिट आणि ऑफसेटचे मूल्य पाहावे, आणि आयपीव्ही६ मध्ये ‘नेक्स्ट हेडर’ ४४ आहे का ते पाहावे.

हाताशी फक्त डिग असेल तरी बहुतेक निदान होते. रिझॉल्व्हर ज्या यंत्रावर आहे तिथूनच, मधल्या फॉरवर्डरला (प्रश्न पुढच्या सर्व्हरकडे ढकलणाऱ्याला) न विचारता, थेट अधिकृत सर्व्हरला डीएनएसकीचा प्रश्न ‘+डीएनएससेक’ लावून तीन प्रकारे विचारावा: ‘+बफसाइझ=४०९६’ लावून (म्हणजे इतक्या बाइटांचे उत्तर चालेल असे कळवून), ‘+बफसाइझ=१२३२’ लावून आणि ‘+टीसीपी’ लावून, म्हणजे यूडीपीऐवजी आधी जोडणी करून बोलणाऱ्या टीसीपीवर. पहिल्या दोन्ही वेळी ‘+इग्नोर’ जोडावे, नाहीतर उत्तर कापलेले आले की डिग स्वतःहून टीसीपीवर जाऊन पूर्ण उत्तर दाखवतो आणि मधे काय घडले ते झाकले जाते. ४०९६ ला टाइमआउट, १२३२ ला ‘टीसी’ झेंडा असलेले कापलेले उत्तर आणि टीसीपीला पूर्ण उत्तर असा निकाल आला, तर तुकडे हरवत आहेत हे जवळपास निश्चित समजावे. ४०९६ आणि १२३२ दोन्ही अडले आणि ५१२ चालले, तर वाटेत ५१२ बाइटांहून मोठे डीएनएस संदेश नाकारणारे एखादे जुने उपकरण बसले आहे. १२३२ ला टीसी झेंडा येतो पण टीसीपी जोडणीच होत नाही, तर मर्यादा कमी करण्याआधी पोर्ट ५३ चे टीसीपी उघडणे भाग आहे. तिन्ही चालले तर संशय फॉरवर्डरवर घ्यावा. ईडीएनएसमधला आकडा प्रत्येक टप्प्यापुरताच असतो, त्यामुळे आपण १२३२ जाहीर केले तरी मधला फॉरवर्डर पुढे आपला स्वतःचा ४०९६ जाहीर करत असू शकतो.

एक बारीक गोष्ट. डिग मूळ सेटिंगमध्ये प्रश्नासोबत कुकी पाठवतो आणि समोरचा सर्व्हर ती पाळत असेल तर उत्तरात २८ बाइट वाढतात. हाताने केलेल्या हिशेबात आणि डिगच्या शेवटच्या ओळीतल्या आकारात नेमका तेवढा फरक दिसला तर गोंधळून जाऊ नये.

आमच्याकडे निकाल दुहेरी वाईट आला. ४०९६ ला टाइमआउट होतेच, शिवाय टीसीपीही बंद होते. फायरवॉल लावणाऱ्याने कधीकाळी ‘डीएनएस म्हणजे यूडीपी ५३’ असे धरून नियम लिहिला होता. रिझॉल्व्हर शहाणा होता, दोन-तीन टाइमआउटनंतर तो जाहीर केलेला आकडा स्वतःहून कमी करत होता, कापलेले उत्तर मिळवत होता, टीसीपीवर जाण्याचा प्रयत्न करत होता आणि तिथे आपटत होता. टीसीपी उघडे असते तर ही तक्रार ‘डोमेन उघडत नाही’ अशी न येता ‘पहिल्यांदा उघडायला काही सेकंद लागतात’ अशी आली असती, आणि कदाचित आजवर कोणी लक्षच दिले नसते.

मूळ घोटाळा त्या जाहीर केलेल्या आकड्याच्या अर्थात आहे. १९८७ च्या आरएफसी १०३५ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने यूडीपीवरचा डीएनएस संदेश ५१२ बाइटांपुरता मर्यादित ठेवला होता. १९९९ मध्ये ईडीएनएस आले आणि प्रश्न विचारणाऱ्याला ‘मी यूडीपीवर इतक्या बाइटांचे उत्तर घेऊ शकतो’ हे ओपीटी नोंदीतून कळवण्याची सोय झाली. २०१३ च्या आरएफसी ६८९१ ने सुरुवातीचा आकडा म्हणून ४०९६ सुचवला आणि तोच वर्षानुवर्षे सगळीकडे चालत राहिला. पण हा आकडा घेणाऱ्याच्या भांड्याचे माप सांगतो, वाटेचे नाही. गोदामात जागा भरपूर आहे एवढे कळवल्याने गोदामाकडे येणारा पूल रुंद होत नाही. ४०९६ जाहीर केल्यावर समोरचा सर्व्हर १५०० च्या वरचे उत्तरही बिनदिक्कत पाठवतो आणि तुकडे करण्याचे काम आयपीवर सोडून देतो. म्हणूनच ‘उत्तर मोठे आहे, मग बफर वाढवू’ हा पहिला सुचणारा उपाय नेमका उलटा आहे.

तुकड्यांना फायरवॉलच अडवते असे नाही. रिझॉल्व्हरांच्या समूहापुढे लोड बॅलन्सर असेल आणि तो पोर्ट क्रमांकावरून वाटप करत असेल, तर पोर्ट नसलेला दुसरा तुकडा भलत्याच यंत्राकडे जाऊ शकतो. आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर तुकडे करतच नाहीत. ते पॅकेट टाकून देतात आणि पाठवणाऱ्याला ‘पॅकेट फार मोठे’ असा आयसीएमपी संदेश पाठवतात. तो संदेश वाटेत गाळला गेला, तर पाठवणाऱ्याला काही कळत नाही. पोहोचला तरी डीएनएस सर्व्हरने ते उत्तर पाठवून विसरून गेलेले असते, त्यामुळे तो ते पुन्हा पाठवत नाही, आणि आपल्याला पुन्हा विचारावे लागते. शिवाय सुरक्षेचा प्रश्न वेगळाच आहे. डीएनएसचा व्यवहार क्रमांक आणि यूडीपीचे पोर्ट, दोन्ही पहिल्या तुकड्यातच असतात, त्यामुळे बनावट दुसरा तुकडा घुसवणाऱ्याला आयपीव्ही४ मध्ये मुख्यतः १६ बिटांचा ओळख क्रमांक तेवढा जुळवावा लागतो. अमिर हर्झबर्ग आणि हाया शुलमन यांनी २०१३ साली या मार्गाने कॅशेत खोटी माहिती कशी घालता येते ते दाखवले. तेव्हा तुकडे पोहोचवण्यासाठी फायरवॉलमध्ये नवा नियम घालण्यापेक्षा तुकडे होऊच न देणे हे अधिक बरे, असे माझे मत आहे.

मग आकडा कोणता घ्यायचा? जिथे कुठे तुकडा होऊ शकेल त्यातल्या सर्वांत अरुंद दुव्याचे एमटीयू घ्यावे, त्यातून आयपी हेडर आणि यूडीपीचे ८ बाइट वजा करावेत. साध्या इथरनेटवर आयपीव्ही४साठी १४७२ आणि आयपीव्ही६साठी १४५२ उरतात. पीपीपीओई या ब्रॉडबँड जोडणीचे एमटीयू १४९२, तिथे अनुक्रमे १४६४ आणि १४४४. १४२० एमटीयूच्या टनेलवर, आणि वायरगार्ड या व्हीपीएनचे एमटीयू साधारणपणे तेवढेच असते, १३९२ आणि १३७२.

आयपीव्ही६ वाहून नेणाऱ्या कोणत्याही दुव्याला किमान १२८० बाइटांचे पॅकेट न तोडता नेता आले पाहिजे असा नियम आहे. त्यातून ४० आणि ८ वजा केले की १२३२ उरतात. हाच आकडा १ ऑक्टोबर २०२० च्या डीएनएस फ्लॅग डेच्या (डीएनएस क्षेत्रातल्यांनी एकत्र बदल करण्यासाठी ठरवलेल्या दिवसाच्या) निमित्ताने प्रमुख डीएनएस सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये आला. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९७१५ मध्ये मात्र यूडीपीवरच्या संदेशासाठी कमाल १४०० बाइटांची शिफारस आहे.

१२३२ की १४००, यावर चर्चा बरीच होते. १४०० च्या बाजूचे म्हणणे असे की बहुतेक वाटा १५०० च्या जवळपासच्या असतात आणि १२३२ घेतल्याने कारण नसताना काही उत्तरे टीसीपीवर ढकलली जातात. ते खोटे नाही. पण वरचा हिशेब पुन्हा पाहावा: १४०० मध्ये २८ मिळवले की १४२८ होतात, आणि १४२० च्या टनेलमध्ये ते बसत नाहीत. १४०० हा कमाल आकडा म्हणून दिलेला आहे. आपल्या दुव्याला तो बसतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी आपल्यावरच राहते. ज्या रिझॉल्व्हरच्या आणि इंटरनेटच्या मधे टनेल आहे, किंवा उद्या येण्याची शक्यता आहे, तिथे मी १२३२ च ठेवतो. ज्या अधिकृत सर्व्हरला थेट १५०० ची जोडणी आहे आणि वाटेतला कोणताही भाग आपल्या ताब्यात अरुंद नाही, तिथे १४०० ठेवायला माझी हरकत नाही, पण त्याने मिळणारा फायदा मोजून दाखवावा असा आग्रह मात्र धरेन.

५१२ वर उतरण्याच्या मोहात पडू नये. एखाद्या जुन्या उपकरणाला चुकवण्यासाठी सगळा रिझॉल्व्हर ५१२ वर आणला, तर साइन केलेल्या झोनांची बरीचशी उत्तरे टीसीपीवर जातील. ते उपकरण बदलावे किंवा त्याची डीएनएस तपासणी बंद करावी.

आपल्या बाजूचे एमटीयू किती आहे हे कागदावरच्या आकृतीवरून ठरवू नये, मोजावे. लिनक्सवर पिंगला तुकडे करण्यास मनाई करणारा ‘-एम डू’ आणि आकार देणारा ‘-एस’ असे दोन पर्याय लावून बाहेरच्या एखाद्या यंत्राला पिंग करावे. आयसीएमपीचे हेडरही यूडीपीसारखेच ८ बाइटांचे असल्यामुळे ज्या सर्वांत मोठ्या आकाराला उत्तर येते, तोच आकडा थेट डीएनएस संदेशाची त्या वाटेवरची मर्यादा असतो. आमच्याकडे १३९२ ला उत्तर आले, १३९३ ला आले नाही. टनेलच्या कागदपत्रांत एमटीयू १५०० लिहिलेले होते.

सेटिंग बदलताना दोन वेगळे आकडे आहेत हे लक्षात ठेवावे. एक, आपण प्रश्न विचारताना जाहीर करतो तो. दोन, आपण उत्तर देताना समोरच्याने कितीही जाहीर केले तरी ओलांडत नाही तो. बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये पहिला ‘ईडीएनएस-यूडीपी-साइझ’ आणि दुसरा ‘मॅक्स-यूडीपी-साइझ’. अनबाउंडमध्ये पहिला ‘ईडीएनएस-बफर-साइझ’ आणि दुसरा पुन्हा ‘मॅक्स-यूडीपी-साइझ’. एनएसडी फक्त अधिकृत सर्व्हर असल्याने तिथे ‘आयपीव्ही४-ईडीएनएस-साइझ’ आणि ‘आयपीव्ही६-ईडीएनएस-साइझ’ असे दोन पर्याय आहेत. डीएनएसमास्कमध्ये ‘ईडीएनएस-पॅकेट-मॅक्स’. रिझॉल्व्हरवर पहिला आकडा विसरला तर येणारी उत्तरे तुटतात. दुसरा विसरला तर आपल्या मागचे ग्राहक तुटतात, आणि तेही टनेलवरून येत असतील तर तक्रार आपल्याकडेच येते.

नव्या आवृत्त्यांत मूळ आकडा १२३२ असतानाही आमच्याकडे ४०९६ का होता, याचे उत्तर काहीसे लाजिरवाणे आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये अनेक वर्षांपूर्वी कोणीतरी ४०९६ ची ओळ स्पष्टपणे लिहून ठेवली होती आणि प्रत्येक अपग्रेडमध्ये ती फाइल जशीच्या तशी पुढे आली. मूळ सेटिंग सुधारल्याचा फायदा अशी ओळ असलेल्या सर्व्हरला कधीच मिळत नाही. तेव्हा नवी ओळ लिहिण्याआधी जुनी शोधावी, विशेषतः एकेका समोरच्या सर्व्हरसाठी लिहिलेल्या वेगळ्या भागांत. तिथे लपलेला आकडा वरच्या सामान्य आकड्यावर मात करतो.

आकडा कमी केला की काम टीसीपीवर येते, आणि टीसीपी तयार नसेल तर आकडा कमी करणे म्हणजे एका बिघाडाच्या जागी दुसरा आणणे. डीएनएस सॉफ्टवेअरला टीसीपी आलेच पाहिजे हे २०१६ च्या आरएफसी ७७६६ ने स्पष्ट केले आणि ते चालवणाऱ्यांनीही ते बंद ठेवू नये हे २०२२ च्या आरएफसी ९२१० ने सांगितले. म्हणून फायरवॉलवर पोर्ट ५३ चे टीसीपी आधी दोन्ही दिशांना तपासावे. जोडणी होते पण मोठे उत्तर मधेच अडकते असे दिसले, तर टनेलवर एमएसएस (टीसीपीच्या एका पॅकेटमधला कमाल मजकूर) मर्यादित केले आहे का ते पाहावे. १४२० एमटीयूला आयपीव्ही४साठी ते १३८० हवे. मग एकाच वेळी किती टीसीपी जोडण्या चालतात ते पाहावे. अनबाउंडमध्ये बाहेर जाणाऱ्या टीसीपी जोडण्यांची मूळ मर्यादा प्रत्येक थ्रेडला १० आहे. घरच्या रिझॉल्व्हरला ती पुरते, मोठ्या कार्यालयाला पुरेलच असे नाही. टीसीपीमुळे वेग कमी होईल ही भीती मात्र मला फारशी पटत नाही. कापलेल्या उत्तरानंतर टीसीपीची जोडणी आणि पुन्हा प्रश्न, असे दोन फेरे वाढतात खरे, पण डीएनएसकी संच एकदा मिळाला की तो टीटीएल (साठवण्याची मुदत) संपेपर्यंत कॅशेत राहतो.

झोन आपलाच असेल तर आणखी एक उपाय हातात असतो: उत्तर लहान करणे. २०४८ बिटांच्या आरएसएची प्रत्येक स्वाक्षरी २५६ बाइटांची असते, तर ईसीडीएसए पी-२५६ ची, म्हणजे अल्गोरिदम १३ ची, ६४ बाइटांची. एनसेक३ (नाव नसल्याचा साइन केलेला पुरावा) वापरणाऱ्या झोनमध्ये ‘असे नाव नाही’ या उत्तरात तीनपर्यंत एनसेक३ नोंदी आणि एक एसओए (झोनच्या मुख्य माहितीची) नोंद, प्रत्येकीला स्वाक्षरी. आरएसएमध्ये नुसत्या स्वाक्षऱ्यांचे मूल्यच १०२४ बाइट होते, ईसीडीएसएमध्ये २५६. वरच्या उदाहरणातला झोन अल्गोरिदम १३ वर असता, तर तीन की आणि दोन स्वाक्षऱ्या असतानाही डीएनएसकीचे उत्तर ४९४ बाइटांतच बसले असते. ‘मिनिमल-रिस्पॉन्सेस’सारखा पर्याय चालू केला की आगंतुक नोंदीही गळतात. आणि मुख्य नावावर साचलेल्या टीएक्सटी (मोकळ्या मजकुराच्या) नोंदी एकदा पाहाव्यात: वेगवेगळ्या सेवांनी मालकी पडताळण्यासाठी मागितलेले मजकूर काम झाल्यावरही तिथेच राहतात आणि डीएनएससेक नसलेल्या झोनचे उत्तरही १२३२ च्या पलीकडे नेऊ शकतात.

बदल झाल्यावर ‘आता चालते आहे’ यावर थांबता येत नाही, कारण की बदलाचा काळ नसेल तर जुन्या सेटिंगवरही सगळे चालतच होते. म्हणून आम्ही आमच्या ताब्यातल्या एका झोनमध्ये चाचणीसाठी तीन टीएक्सटी नोंदी ठेवल्या. त्यांची उत्तरे अनुक्रमे ११००, १३०० आणि १७०० बाइटांच्या आसपास भरतील एवढा निरर्थक मजकूर त्यांत आहे, टीटीएल शून्य आहे, आणि त्या झोनचा अधिकृत सर्व्हर मुद्दाम १४७२ पर्यंतचे उत्तर यूडीपीवर देतो. टनेलच्या आतला रिझॉल्व्हर दर पाच मिनिटांनी तिन्ही मागतो आणि प्रत्येकीला लागलेला वेळ नोंदवला जातो. पहिली यूडीपीवर आली पाहिजे. दुसरी आणि तिसरी टीसीपीवर यायला हव्यात. कोणी जाहीर केलेला आकडा पुन्हा वाढवला तर सर्वांत आधी दुसऱ्या नोंदीचा वेळ अचानक कमी होतो, कारण १३०० अधिक २८ बाइट १४२० मध्ये अखंड बसतात आणि टीसीपीची गरज उरत नाही. डॅशबोर्डवर हा वेग सुधारल्यासारखा दिसतो, म्हणून त्या आलेखावर वेळ वाढल्याचा नव्हे, तर वेळ घटल्याचा इशारा लावून ठेवला आहे.